बारा खटके
(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषयही त्यांनीच ठरवला, ‘तुझ्या गळ्यातलं ते खेळणं’. सकाळपासून निदान दहा जणांनी विचारलं की नातवाचा कॅमेरा घेऊन आलास का. नातू अजून झालेला नाही. कॅमेरा माझाच आहे.

आपल्या आठवीच्या सहलीपासून सुरुवात करतो. चिंचवडहून लोकल पकडून आपण घोरावाडीला उतरलो आणि घोरवडेश्वरच्या पायऱ्या चढलो. चित्रकलेच्या बाईंनी त्यांचा आगफा क्लिक थ्री सोबत आणला होता. एका रोलवर बारा फोटो. अकरा बाईंनी काढले आणि बारावा वर्गाचा म्हणून माझ्या हातात दिला, कारण माझी चित्रकलेची वही बरी होती. लेण्यांसमोर सगळे तीन रांगांत उभे राहिले. सगळे मोठे दिसावेत म्हणून मी पुढे सरकलो आणि खटका दाबला.

तो फोटो तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे आहे. वरच्या रांगेतल्या तिघांची डोकी त्यात कापली गेली आहेत. तेव्हा आपण हसलो, मला ‘खाटीक’ नाव पडलं, ते आजही काही जण वापरतात. त्या तिघांतला एक जण आता आपल्यात नाही. दोन वर्षांपूर्वी त्याच्या धाकट्या बहिणीचा मला फोन आला. त्यांच्या घरी त्याचा शाळेतला एकही फोटो नव्हता. ‘दादा, तुमच्याकडे असेल ना?’ माझ्याकडे होता, हनुवटीच्या खालचा. तो मी पाठवला. तिने उलट कळवलं की स्वेटर आईने विणलेला आहे, ओळखू आला.

त्यानंतर मी माळ्यावरून जुने डबे काढायला लागलो आणि बुधवारी-रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात फिरायला लागलो. तिथेच मला पहिला क्लिक थ्री मिळाला. माझी चूक नेमकी काय झाली, ते मला समजून घ्यायचं होतं.

चूक अशी होती. आपण जिथून बघतो ती खिडकी वर असते आणि भिंग खाली. दोघांना दिसणारं चित्र एक नसतं, आणि जवळ गेलात की हा फरक वाढतो. खिडकीत डोकं दिसतं, फिल्मवर ते नसतं. शिवाय या कॅमेऱ्याला फोकस फिरवायची सोय नाही. साधारण दहा फुटांच्या पलीकडचं बरं येतं, अलीकडचं पुसट. म्हणजे मी मागे सरकायला हवं होतं. माझ्या मागे जागाही होती.

आता या कॅमेऱ्यांविषयी थोडं. क्लिक थ्री आणि त्याचा भाऊ आयसोली हे जर्मन आगफाचे, पण आपल्याकडचे बनत ते बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजमध्ये. फिल्म १२० ची. क्लिकवर सहा सेंटिमीटरचे बारा चौकोन, आयसोलीवर लहान सोळा. त्या काळी उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची ‘इंदू’ ही आपली देशी फिल्मही मिळायची. नंतर ‘हॉट शॉट’ आला, त्याची ‘खटॅक’वाली जाहिरात सगळ्यांना आठवत असेल. तो खिशात मावायचा, पण त्याची ११० ची डबी आज सहज मिळत नाही, म्हणून तो शोकेसमध्येच ठेवा. कोडॅकचा केबी टेन कुणाच्या घरी पडला असेल तर तो मात्र चालेल, त्यात साधी ३५ मिलिमीटरची फिल्म लागते.

परदेशात याच जातीचे दोन कॅमेरे प्रसिद्ध झाले, दोन्ही हाँगकाँगचे. एक साठच्या दशकातली डायना आणि दुसरा १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आलेला होल्गा. स्वस्तात स्वस्त, भिंगसुद्धा प्लॅस्टिकचं. डायनावर काढलेल्या फोटोंचं नॅन्सी रेक्सरॉथ यांचं ‘आयोवा’ हे पुस्तक १९७७ मध्ये निघालं. डेव्हिड बर्नेट या अमेरिकन वृत्तछायाचित्रकाराने २००० च्या निवडणुकीत अल गोर यांचा प्रचार होल्गावर टिपला आणि त्या फोटोला बक्षीस मिळालं. त्याच्या खांद्यावर महागडे कॅमेरेही होतेच.

माझं आयुष्य भोसरीच्या टूलरूममध्ये गेलं, प्लॅस्टिकचे मोल्ड बनवण्यात. त्यामुळे होल्गा पहिल्यांदा उघडला तेव्हा मला आधी घामच फुटला. सांध्यावर फ्लॅश, जाड भागावर सिंक मार्क, मागचं झाकण बसता बसत नाही. आमच्याकडून चाकणला असा एक पार्ट गेला असता तर अख्खी लॉट परत आली असती. गाडीच्या मागच्या दिव्याचं लाल झाकण अ‍ॅक्रिलिकचं असतं, त्याच्या सफाईसाठी आम्ही रात्र-रात्र पॉलिश केलेलं आहे. आणि इथे भिंगच ओबडधोबड! एकच वाकडं भिंग मधला भाग ठीक दाखवतं, कडेला प्रकाशाच्या रेषा एका पातळीत जुळत नाहीत, म्हणून कडा विरघळतात आणि कोपरे काळवंडतात. आमच्या भाषेत हे रिजेक्शन. पण फोटो धुऊन हातात आला तेव्हा मधली माझी आई स्पष्ट होती आणि बाजूचा स्वयंपाकघराचा पसारा धुक्यात गेला होता. लहानपणीचं काही आठवतं तेव्हा मला ते साधारण असंच दिसतं. रिजेक्शनचा शिक्का मारायला हात धजला नाही.

सुरुवात करायची असेल त्यांच्यासाठी कामाचं सांगतो. बाकीच्यांनी चहा घ्यायला हरकत नाही.

जुना कॅमेरा घेताना झाकण उघडा, आत रिकामी रीळ आहे का ते बघा. १२० च्या फिल्मला डबी नसते. फिल्म कागदासकट एका रिळावरून दुसऱ्यावर जाते आणि रिकामी झालेली रीळ पुढच्या वेळी गुंडाळायला लागते. ती फेकलीत तर पुढचा रोल अडला. मी पहिली रीळ कचऱ्यात टाकली होती. भरताना सावलीत भरा, कागद ताणून ठेवा. सैल गुंडाळलेला रोल बाहेर काढला की कडेने उजेड खातो.

मागे एक लहान लाल खिडकी असते, त्यातून आकडे दिसतात. जुन्या फिल्मला लाल उजेड कळत नसे, आजच्या फिल्मला कळतो. त्या खिडकीवर वायरमनची काळी चिकटपट्टी लावा, गुंडाळताना सावलीत क्षणभर उचला, परत दाबा. झाकणाच्या सांध्यांवरही तीच पट्टी. काही जण मुद्दाम पट्टी लावत नाहीत, उजेडाचे ओघळ यावेत म्हणून. आवड आपापली, पण पहिल्या रोलला लावा.

उजेडाचं गणित इथे आपल्याला करावं लागतं. क्लिकला शटरचा वेग एकच, सेकंदाचा तिसावा भाग धरून चाला. सोबत ऊन आणि ढग अशा दोन खुणा. तो काळ मंद फिल्मचा होता. आज शंभर वेगाची फिल्म घालून मे महिन्याच्या दुपारी खटका दाबलात तर हिशोबापेक्षा पाच-सहा पट उजेड आत जातो. कृष्णधवल निगेटिव्ह तेवढं सोसतं. जास्त उजेड चालतो, कमी अजिबात चालत नाही. तरी क्लिकसाठी मंद फिल्म घ्या आणि सकाळ किंवा कलतं ऊन पकडा. होल्गाचं शटर जलद, शंभराव्या भागाच्या आसपास. त्याला उन्हात शंभरची आणि सावलीत चारशेची फिल्म. क्लिकमध्ये हात हलला की फोटो हलतो, म्हणून कॅमेरा पोटाशी किंवा भिंतीला टेकवा आणि श्वास रोखा.

होल्गाची एक गंमत. खटका आणि फिल्म पुढे सरकवणं यांचा एकमेकांशी संबंध नाही. सरकवायला विसरलात तर एकावर एक दोन फोटो बसतात. हे मुद्दामही करता येतं. आधी अंधाऱ्या वर्गाचं दार घ्या, मग फिल्म न सरकवता मैदानातली मुलं घ्या. पहिल्या चित्रात जिथे काळोख होता तिथे मुलं उमटतात. जिथे आधीच उजेड होता तिथे काही दिसत नाही. हे डोक्यात बसायला मला तीन रोल लागले.

धुणं घरी जमतं. अंधारासाठी काळी पिशवी, एक टँक आणि डेव्हलपर. डी-७६ ला वीस अंश तापमान लागतं, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी चहाला घेता येईल असं असतं. बादलीत बर्फाची पिशवी सोडा. बाटल्यांवर ठळक नावं लिहा. मी एकदा फिक्सर आधी ओतला. सगळी फिल्म काचेसारखी स्वच्छ निघाली. त्यावर आईचे शेवटच्या दिवाळीचे फोटो होते. त्याबद्दल अजून काही बोलवत नाही.

खर्चाचं विचाराल तर एक खटका म्हणजे निदान तीन-चार वडापाव. म्हणूनच दाबण्याआधी माणूस थांबतो. मुलगी म्हणते, बाबा, फोनवर फुकट असताना हे कशाला? फोनवर माझे हजारो फोटो आहेत. त्यातले बरेचसे कारखान्यातल्या गळक्या पाइपाचे आणि चलनांचे. चाकणच्या प्लांटमध्ये तर गेटवरच फोनच्या कॅमेऱ्याला स्टिकर लावतात आणि दिवसभर ते काढायचं राहून जातं. आईचा नीट फोटो शोधायला बसलो तेव्हा अख्खी संध्याकाळ गेली.

आता मूळ मुद्दा. आपण सहावीत असताना, १९८२ मध्ये, आपल्या गावाची महापालिका झाली. तेव्हा शाळेभोवती ज्वारी होती हे आजच्या मुलांना खोटं वाटतं. मैदानाच्या कडेची कौलारू वर्गांची ओळ तेवढी उरली आहे आणि येत्या मे महिन्यात ती उतरवणार आहेत. पाडू नका असं मी म्हणत नाही. पावसाळ्यात तिथे मुलांच्या वह्या भिजतात. पण त्याआधी आताच्या आठवीच्या मुलांनी ते वर्ग बघावेत, नीट, बारा खटक्यांच्या हिशोबाने. मुख्याध्यापकांनी चार रविवार सकाळी आठ ते दहा अशी वेळ दिली आहे. माझ्याकडे चालू स्थितीतले तीन क्लिक आणि एक होल्गा आहे. मुलं वीस आहेत. तुमच्या माळ्यावर जो कॅमेरा असेल तो आणा, बिघडलेला असला तरी. शटरची स्प्रिंग आणि झाकणाचा सांधा मी दुरुस्त करून देतो, एवढं काम मला येतं. ज्यांच्याकडे कॅमेरा नाही त्यांनी एका रोलचे पैसे दिले तरी चालेल. वही स्टेजजवळच्या टेबलावर आहे, नाव लिहा.

आणि बाई, तुमचा तो क्लिक अजून असेल तर मला तो पहिला हवा.

आता सव्वाचार झालेत. कलतं ऊन कौलारू ओळीच्या वऱ्हांड्यावर आलंय, अर्धा-पाऊण तास राहील. क्लिकमध्ये रोल भरलेला आहे, अकरा फोटो झालेत, एक शिल्लक आहे. सगळ्यांनी तिकडे चला. उंच असलेले मागे, पण पायरीवर नको, खाली. मी यावेळी पंधरा पावलं मागे जाणार आहे आणि ती मोजणार आहे, तेवढा वेळ कुणी हलू नका.