म्हातारपणी खरंच पचत नाही?

‘आता या वयात पचत नाही रे!’ हे वाक्य घराघरांत ऐकू येतं. आमची अम्मी हेच म्हणायची आणि दालचातलं मटण नातवाच्या ताटात सरकवायची. घरची माणसंही मायेपोटी वडीलधाऱ्यांना पेज, चहा-बिस्किटांवर आणून ठेवतात. पण श्रोतेहो, हे कितपत खरं आहे?

मी शब्दांत रमणारा माणूस. मला प्रथिन हे लांबलचक वाक्य वाटतं आणि अमिनो आम्लं ही त्यातली अक्षरं. जठरातले आणि स्वादुपिंडातले रस हे वाक्य तोडतात. अक्षर न् अक्षर सुटं झाल्यावरच आतडं ते आत घेतं, अशी पूर्वी समजूत होती. तसं नाही. सुटी अक्षरं आत जातातच. पण दोन-तीन अक्षरांचे तुकडे, म्हणजे लहान पेप्टाइड, हेही आतडं तसेच उचलतं. त्यासाठी लहान आतड्याच्या पेशींवर ‘पेप्ट-१’ नावाचा वाहक असतो. त्याचा जनुक १९९४ मध्ये हाती लागला.

म्हातारपणी हे दार बंद होतं का? आतड्याच्या अस्तरातल्या बहुतेक पेशी काही दिवसांत बदलून नव्या येतात आणि हे काम उतारवयातही चालू राहतं. निरोगी वृद्धांमध्ये प्रथिनांचं शोषण फारसं घटत नाही. घटते ती भूक, पडतात ते दात. शिवाय तेवढ्याच प्रथिनाला स्नायू पूर्वीसारखे दाद देत नाहीत. म्हणून २०१३ मध्ये तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटानं पासष्टीपुढच्यांना वजनाच्या दर किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं सुचवली. एरवी प्रौढांसाठी ०.८ ग्रॅम पुरेसं मानतात. म्हणजे गरज वाढते नेमकी तेव्हाच आपण ताट रिकामं करतो! मग मांड्या बारीक होतात, जिन्यावर पाय लटपटतो आणि एका पडण्यानं माणूस अंथरुणाला खिळतो.

तेव्हा ‘पचत नाही’ म्हणणाऱ्याला आधी विचारा, चावता येत नाही की भूकच नाही? मऊ वरण, दही, अंडं, बारीक खिमा, जे रुचेल ते तिन्ही वेळच्या खाण्यात थोडं थोडं द्या. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र प्रमाण डॉक्टरांनाच विचारा. वजन उतरत असेल, जुलाब थांबत नसतील, तर तेही वयावर ढकलू नका.

आतडं म्हातारपणीही आपलं काम करायला तयार असतं. त्याला काम मिळेल एवढं ताटात वाढणं आपल्या हातात आहे.