हुकूम आणि हुकुमाचें कारण

कडक शिस्तीचा अधिकारी म्हटला कीं चढलेल्या भिवया, करडा आवाज आणि हातांतली छडी एवढेंच चित्र पुष्कळांच्या डोळ्यांपुढें उभें राहतें. धाकानें माणसें हलतात, हें खरें. पण धाक घालणाऱ्याची पाठ वळली कीं तींच माणसें पुन्हां मोकाट सुटतात. खरा कडकपणा कसा असतो, याचा उत्तम धडा शिवछत्रपतींच्या एका पत्रांत सांपडतो.

महाराजांचा राज्याभिषेक १६७४ सालीं झाला. त्या सुमारास त्यांच्या घोडदळाची छावणी चिपळूणच्या मुलखांत पडली होती. पावसाळ्यासाठीं जमविलेला दाणा-वैरणीचा सांठा बराचसा आधींच खर्चीं पडला होता आणि पाऊस तोंडावर आला होता. अशा वेळीं तेथील जुमलेदार, हवालदार व कारकून यांस महाराजांनीं ताकीद लिहिली.

पत्र कठोर आहे; परंतु त्यांतील हुकुमांमागें त्यांचें कारण उभें आहे. दाणा व गवत आज मन मानेल तसें उधळाल, तर भर पावसाळ्यांत तें मिळणार नाहीं. घोडीं उपाशीं मरतील आणि तें पाप तुमच्या माथीं बसेल. मग शिपाई कुणब्यांच्या घरांत शिरतील. कोणी दाणे आणील, कोणी भाकर, कोणी भाजी. जीव धरून राहिलेली रयत गांव सोडील आणि तिला आपल्यापेक्षां मोंगल बरे वाटतील. म्हणून जें लागेल तें बाजारांतून पैसा देऊन घ्यावें.

यापुढें तर महाराजांची नजर उंदरापर्यंत जाते. कोणी भलत्याच जागीं चूल पेटवील, कोणी तंबाखूसाठीं विस्तव नेईल, रात्रीं जळती वात उंदीर ओढून नेईल. एका गंजीस आग लागली कीं सारी छावणी भस्म होईल. नंतर कोणाच्या मानेवर तलवार चालविली, तरी जळालेलें लांकूड वा गवत परत येणार नाहीं.

शिक्षेची ही मर्यादा ज्यानें ओळखली तोच खरा शिस्तीचा पुढारी. दंड हा अपराधानंतर येतो. समज ही अपराधाच्या आधीं पोंचते. शिवाय कोणताहि हुकूम सगळ्या प्रसंगांना पुरत नाहीं. दिवा कां विझवावयाचा हें ज्या शिपायास कळलें, तो हुकुमांत नांव नसलेली ठिणगीहि आपण होऊन विझवितो.

घरांतील वडील, शाळेंतील गुरुजी वा कचेरींतील साहेब यांनीं नियम अवश्य कडक ठेवावे. त्यांत ढिलाई नको. मात्र नियम सांगतांना कारणहि सांगावें. ज्या नियमाचें कारण सांगतां येत नाहीं, तो नियम पाळणाऱ्याच्या आधीं करणाऱ्यानेंच एकदां तपासून पाहावा.