शाळिग्राम, चुनखडी आणि कोंदण
(येरमाळा येथील प्राथमिक शिक्षकांसाठी भाषण)



येडेश्वरीच्या चैत्री यात्रेत येरमाळ्याच्या रानात भाविक चुनखडीचे खडे वेचतात. त्यांत शाळेतील मुलेही असतात. हा पांढरा खडा आणि देवघरातील काळा शाळिग्राम यांचे नाते मुलांना समजावून देणे हे शिक्षकाचे काम होय.

शाळिग्राम नेपाळातील काली गंडकीच्या पात्रात मिळतो. त्यावरील चक्र म्हणजे ॲमोनाइट नावाच्या सागरी प्राण्याचा शंख किंवा त्याचा ठसा. हिमालय उभा राहण्यापूर्वी तेथे समुद्र होता. माखलीच्या जातकुळीतला हा प्राणी शंखात पडदे घालून कप्पे करी आणि शेवटच्या कप्प्यात स्वतः राही. त्याचा शंख ज्या द्रव्याचा, त्याच द्रव्याची आपली चुनखडी.

मग बालाघाटात असे चक्र का मिळत नाही? कारण हा काळा खडक तप्त लाव्हा थिजून झालेला आहे. समुद्रतळीचा गाळ नव्हे. हा लाव्हा वाहिला सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. आणि त्याच सुमारास पृथ्वीवरील ॲमोनाइट नामशेष झाले.

मादागास्करमधील ॲमोनाइट मधोमध चिरून, झिलई देऊन हस्तकारागीर त्यांची पदके करतात. छेदात स्फटिकांनी भरलेले कप्पे दिसतात. कॅनडाच्या आल्बर्टा प्रांतातील इंद्रधनुषी शंखकवचास १९८१ साली रत्न म्हणून मान्यता मिळाली. कप्प्यांतील कॅल्साइट मात्र मृदू असते. काठिण्यश्रेणीत हिरा १०, तर हे केवळ ३. आंबट लागल्यास त्याची झिलई जाते. आचेने ते तडकते. म्हणून कारागीर डाख देण्याचे काम आधी उरकतो आणि मग चांदीची कड हलकेच दाबून कोंदण पुरे करतो.

वर्गात चुनखडीच्या चुऱ्यावर लिंबाचा रस टाकावा, बुडबुडे येतील. काळ्या दगडावर येणार नाहीत. देवघरातील शाळिग्रामावर मात्र हा प्रयोग कदापि करू नये. आजी त्यात विष्णू पाहते, नातू त्यात प्राचीन समुद्र पाहील. आजीचा नमस्कार थांबविण्याचे कारण नाही. तसेच नातवाचा प्रश्न थांबविण्याचेही नाही.

मुलांनी आणलेला प्रत्येक दगड कोठे सापडला, ते चिठ्ठीवर लिहून शाळेत ठेवावे. दागिन्यात बसलेला शंख शोभतो खरा. परंतु त्याचे ठिकाण हरवले, की त्याची अर्धी कथा हरवते.