तळाचा गाळ

अंबरनाथच्या शिवमंदिर परिसरात आमच्या बचत गटाची बैठक होती. एका सखीची दहावीतली लेक वही घेऊन आली. म्हणाली, "मावशी, 'स्टर अप अँगर' म्हणजे काय हो?"

नुसतं 'स्टर' म्हणजे ढवळणं, चहातली साखर ढवळतो तसं. पुढे 'अप' लागलं की तळाशी बसलेलं वर येतं. देवळाजवळून वालधुनी वाहते. कडेच्या साचलेल्या पाण्यात काठी फिरवली की ते गढूळ होतं. गाळ काठीने आणलेला नसतो, खालीच असतो. इंग्रजीत हा शब्द मनालाही लावतात.

मराठीत मात्र एका शब्दावर भागत नाही. 'स्टर अप अँगर' म्हणजे राग भडकवणं. 'स्टर अप ट्रबल' म्हणजे भांडण उकरून काढणं. 'स्टर अप मेमरीज' म्हणजे आठवणी जाग्या करणं, त्यात वाईट काही नाही. माणसं मधे घालूनही बोलतात, 'स्टर पीपल अप', म्हणजे लोकांना चिथावणं. कान भरणं याच्या जवळचं, पण कान एकेकीचे भरतात. हे चारचौघींत चालतं.

पोरगी लिहून घेत होती आणि बायका एकमेकींकडे बघत होत्या. त्याच आठवड्यात नळावर बोलणं झालं होतं, की एकीने कर्जाचे दोन हप्ते बुडवले. संध्याकाळपर्यंत तिघी आपली बचत परत मागायला आल्या होत्या. हे कोणी पसरवलं, ते शोधायला आम्हीही निघालो होतो.

मग बैठकीतच नोंदवही उघडली. तिच्या पासबुकात दोन्ही हप्ते होते, नोंदवहीत नव्हते. लिहायचे आम्हीच विसरलो होतो. सगळ्यांसमोर तिची माफी मागितली.

तरी सगळ्या शांत झाल्या नाहीत. शेवटी एक सखी बोलली, "हप्त्यांचं जाऊ द्या ताई. आधी अर्ज माझा होता, कर्ज तिला का दिलं?" हे वर्षभर तिच्या मनात होतं. कर्ज दवाखान्यासाठी तातडीने दिलं होतं, पण ते कारण आम्ही बैठकीत सांगितलंच नव्हतं. नळावर कोण बोललं, ते मग आम्ही विचारलं नाही.

आता दर बैठकीत नोंदवही मोठ्याने वाचतो, कोणाचा अर्ज आधी घेतला आणि का, तेही सांगतो. बैठक अर्धा तास लांबते, त्याची कुरकुर आहेच.