चाळीस गुंठ्यांतले किती गुंठे?

(जिल्हा मेळाव्यात केलेले भाषण)



मेळाव्यात आम्ही कापसाच्या भावावर बोलतो, ज्वारीवर बोलतो. आज शहरावर बोलायचे आहे. शहराचे आपल्याला काय, असे कोणी म्हणेल. ज्यांचे शेत तालुक्याच्या गावापासून चार-पाच किलोमीटरवर आहे, किंवा ज्यांच्या पऱ्हाटीत मोजणीचे दगड रोवले गेले, त्यांना विचारा. नागपूर–मुंबई समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा. पहिला टप्पा डिसेंबर 2022 मध्ये खुला झाला, शेवटचा जून 2025 मध्ये. वर्धा, अमरावती, वाशीम, बुलढाणा, जालना हा सगळा आपला कोरडवाहू मुलूख त्याच्या वाटेत आहे, आणि रस्त्याच्या काठाने नवी नगरे वसवायची हे त्याच योजनेत लिहिलेले होते. तेव्हा हा प्रश्न आज ना उद्या आपल्या बांधावर येणार.

जमिनीला शहराचा भाव कशाने येतो? मातीने येत नाही, विहिरीने येत नाही. नकाशावरचा रंग बदलला की येतो. विकास आराखड्यात जमीन शेती विभागात आहे तोवर तिचा भाव एकरावर. ती रहिवासी विभागात गेली की भाव फुटावर. जमीन तीच, धुरा तोच. हा रंग कधी बदलणार हे ज्याला आधी कळते तो आधी खरेदी करतो, आणि मुलीच्या लग्नासाठी किंवा सोसायटीच्या कर्जासाठी जो विकतो तो बरोबर एक पायरी आधी विकतो.

सरकारने भूसंपादन केले तरी फार वेगळे होत नाही. 1894 चा जुना कायदा गेला, 1 जानेवारी 2014 पासून नवा लागू झाला. त्यात ग्रामीण भागाला बाजारभावाच्या दुपटीपर्यंत गुणक आहे, त्यावर 100 टक्के दिलासा रक्कम आहे. ऐकायला चांगले. पण मूळ बाजारभाव काढतात तो रेडी रेकनरवरून, नाहीतर आसपासच्या मागील तीन वर्षांच्या खरेदीखतांवरून, जो जास्त असेल तो. आणि आपल्याकडे मुद्रांक वाचावा म्हणून खरेदीखतात कमी आकडा लिहायची रीत आहे. वाचते घेणाऱ्याचे, मान डोलावतो विकणारा. तोच आकडा पुढे शेजारच्या दहा जणांच्या मोबदल्याचा पाया होतो. कोरडवाहूचा रेकनर आधीच तळाला. तळाच्या आकड्याची चौपट केली तरी तो शहराच्या भावाला पोचत नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे, की भावाची मागणी अपुरी आहे. विकसित भूखंड मागितला पाहिजे. हे काही नवे नाही. नव्या मुंबईसाठी 1970 साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे-रायगडातल्या 95 गावांच्या जमिनी गेल्या. जानेवारी 1984 मध्ये जासई परिसरात गोळीबारात पाच माणसे गेली. दि. बा. पाटलांच्या त्या लढ्यानंतर 1990 साली साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. एकराला पाच गुंठे. त्यातूनही सामाजिक सुविधांसाठी पावणेचार टक्के कापून पावणेनऊ टक्के हाती, म्हणजे साडेतीन गुंठे. पाच जीव गेल्यावर साडेतीन गुंठे!

पुण्याजवळ हडपसरला मगरांच्या सव्वाशेच्या आतबाहेर कुटुंबांनी उलटे केले. त्यांची सुमारे 400 एकर जमीन नकाशात शहरासाठी धरली गेली होती. त्यांनी ती तुकड्या-तुकड्याने विकली नाही. 2000 साली कंपनी काढली, ज्याची जेवढी जमीन तेवढा त्याचा वाटा, आणि नगर स्वतःच उभे केले. छान झाले. पण ते एका भावकीचे लोक, जमीन सलग, आणि शेजारी पुण्यासारखे शहर. आमच्या गावात तीन भाऊ एका विहिरीवर बोलत नाहीत, तिथे हे उदाहरण जपूनच घ्यावे.

आपल्याला जास्त शिकवते ती अमरावती. विदर्भातली नव्हे, आंध्रातली. 2014 ला राज्य तुटले आणि नवी राजधानी कृष्णेच्या काठी करायचे ठरले. 29 गावांतल्या सुमारे 28 हजार शेतकऱ्यांनी 33 हजारांवर एकर जमीन एकत्र करून दिली, तीही भूसंपादनाशिवाय. बदल्यात काय? कोरडवाहू एकराला 1,000 चौरस यार्ड रहिवासी आणि 250 चौरस यार्ड व्यापारी भूखंड. हिशेब करा. एकर म्हणजे 4,840 यार्ड, गुंठा म्हणजे 121. चाळीस गुंठ्यांतले दहा गुंठे आणि वर थोडे. शिवाय दहा वर्षे दरसाल एकरी 30 हजार रुपये, त्यात वर्षाला 10 टक्के वाढ.

आता बागायतवाल्याचे पाहा. रहिवासी तेवढाच, पण व्यापारी 450 यार्ड, म्हणजे एकूण बारा गुंठे; वार्षिक रक्कम 50 हजार. वार्षिक रकमेतला फरक आम्हाला मान्य आहे. त्याचे पीक मोठे बुडाले. पण भूखंडात फरक का? दुकानाच्या गाळ्याला विहिरीचे पाणी लागते काय? शहर झाल्यावर दोन्ही जमिनी सारख्याच. कोरडवाहूला तिथेही दुय्यम धरले आणि बहुतेकांच्या ते लक्षातही आले नाही.

पुढे 2019 ला सरकार बदलले. डिसेंबरात तीन राजधान्यांची घोषणा झाली आणि कामे थांबली. जमीन दिलेली, पीक नाही, भूखंडावर बाभळी. बायाबापड्या वर्षानुवर्षे धरणे धरून बसल्या, 2021 ला तिरुपतीपर्यंत चालत गेल्या. मार्च 2022 मध्ये उच्च न्यायालयाने सांगितले की सरकारला करार पाळावा लागेल, पण त्यातल्या मुदतींना सर्वोच्च न्यायालयात स्थगिती मिळाली. 2024 ला पुन्हा सरकार बदलले आणि कामे पुन्हा सुरू झाली. पाच वर्षे शेतकऱ्याचे पोट निवडणुकीच्या निकालाला बांधलेले राहिले. करारात भूखंड किती हे लिहिले होते. उशीर झाला तर रोज किती भरायचे, हेही त्याच्या शेजारी लिहून घ्यायला हवे.

आणि एक. तिथल्या भूमिहीन मजुराला महिना 2,500 रुपये ठरले. जमीनवाल्याला भूखंड, मजुराला पेन्शन. आपल्याकडे कापूस वेचणाऱ्या बाया, सालगडी यांचा रोजगार शेताबरोबरच जातो. त्यांच्या घराच्या जागेची मागणी आपल्याच निवेदनात हवी, वेगळ्या कागदावर नको.

कायदा नाही असे कोणी सांगितले तर ऐकू नका. मुंबई इलाख्यात नगररचना योजनेचा कायदा 1915 पासून आहे. महाराष्ट्राच्या 1966 च्या नगररचना कायद्यात पाचवे प्रकरण त्याचेच आहे. सगळ्यांच्या जमिनी एकत्र करायच्या, रस्ते, नाल्या, शाळेची जागा काढायची आणि उरलेली नीट आकाराची जमीन ज्याची त्याला परत. गुजरातेत अहमदाबादभोवती हेच चालते. तिथे मालकाकडे साधारण निम्मी किंवा थोडी अधिक जमीन राहते. भाववाढीतून अंशदान भरावे लागते, ते ठीक आहे. आपल्याकडे मात्र हे प्रकरण बराच काळ पुस्तकातच राहिले आणि गावाभोवती गुंठेवारी वाढली. शंभराच्या कागदावर प्लॉट, नाली नाही, नळ नाही. ती नियमित करायला 2001 ला कायदा झाला, 2021 ला त्याची मुदत पुढे नेली. नाली अजून नाही. सांडपाणी खालच्या ओढ्यात, तिथून आपल्या विहिरीत.

आता कामाचे. प्रारूप विकास आराखडा जाहीर झाला की नकाशा पाहायला ठेवतात आणि हरकतींची मुदत नोटिशीत छापलेली असते. ती नोटीस बाजाराच्या दिवशी कोणी वाचत नाही. प्रत्येक गावातून दोन माणसे नेमा, एक तरी मॅट्रिक झालेला पोरगा असू द्या. नकाशावर आपला गट नंबर, त्याचा रंग आणि त्यावरचे आरक्षण पाहून कागदावर उतरवा. हरकत लेखी द्या, पोच घ्या. एकेकट्याने देऊ नका, शेजारचे दहा गट मिळून द्या. आणि मुदत संपेपर्यंत गावात कोणी इसार घेऊ नये. पुढच्या बैठकीला ज्यांची गावे रस्त्याच्या किंवा शहराच्या हद्दीला लागून आहेत त्यांनी सातबारा आणि मागील तीन वर्षांतल्या खरेदीखतांच्या नकला घेऊन यावे. दुपारच्या भाकरीनंतर आम्ही तेवढेच काम घेऊन बसणार आहोत.