पाड्यापर्यंतची वाट : डांबर आणि बारीक खडी
(डहाणू व तलासरी तालुक्यांतील पंचायत सदस्य, शिक्षक व कर्मचारी यांच्यासमोर केलेले भाषण)



मुंबई-अहमदाबाद राष्ट्रीय महामार्ग चारोटी आणि तलासरीवरून रात्रंदिवस वाहत असतो. परंतु तेथून थोडे आत वळले, की डांबर संपते, पुढे खडी संपते आणि शेवटी शेताच्या बांधावरची पाऊलवाट तेवढी उरते. आपल्या भागात वस्ती एका गावठाणात नसते, ती पाड्यापाड्यांत विखुरलेली असते. म्हणून गाव रस्त्याने जोडले गेले, तरी पाडा जोडला गेलाच असे नाही. पावसाळ्यात अडलेल्या बाळंतिणीला डोलीतून न्यावे लागते, ते या शेवटच्या तुकड्यामुळे.

या तुकड्यावर वाहतूक थोडी असते. त्याला महामार्गाचा जाड थर लागत नाही. मुरूम आणि खडीकरणाचा पाया रोलरने नीट दाबावा, झाडून स्वच्छ करावा आणि त्यावर तापवलेले डांबर दर चौरस मीटरला सुमारे १ किलो या प्रमाणात सारखे फवारावे. डांबर गरम असतानाच १० ते १३ मिलिमीटरची बारीक खडी एका दाण्याच्या जाडीने पसरून रोलर फिरवावा. सुटी राहिलेली खडी झाडून काढावी, नाहीतर दुचाकी घसरतात. आश्रमशाळेचे आवार, आरोग्य उपकेंद्राची वाट किंवा चिकूवाडीतील खाजगी रस्ता यांनाही हीच पद्धत पुरते.

मात्र हा थर रस्त्याला बळ देत नाही, तो केवळ पाणी अडवतो. बळ पायाचेच. पाया कच्चा ठेवून वर काळा रंग चढवला, तर पहिल्याच पावसाळ्यात खड्डे पडतात. ओल्या वा धुळीच्या खडीला डांबर चिकटत नाही. म्हणून हे काम दिवाळीनंतर हाती घ्यावे आणि मृगाच्या पुष्कळ आधी संपवावे.

डांबराचा खरा शत्रू साचलेले पाणी आहे. ३ मीटर रुंदीच्या रस्त्याचा मध्य कडेपेक्षा सुमारे ४ सेंटिमीटर उंच हवा, बाजूला गटार हवे आणि ओहोळाच्या जागी मोरी हवी. हे तपासण्यास अभियंताच लागतो असे नाही. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून दोरी आणि मोजपट्टीने ही उंची मोजून घ्यावी. गणिताचा धडा होईल आणि कामावर गावाची नजरही राहील. सरपंचांनी घागरभर पाणी रस्त्याच्या मध्यावर ओतावे. ते कडेला न जाता तेथेच थबकले, तर देयकावर सही करण्यापूर्वी विचारणा करावी.

आता जागेचा प्रश्न. पाड्याची वाट बहुधा कोणाच्या तरी शेतातून किंवा जंगलातून जाते. शेतातून जात असेल, तर सार्वजनिक पैसा खर्च करण्यापूर्वी मालकाची लेखी संमती घ्यावी आणि रस्त्याची नोंद करावी. बांधावरून वाट मागण्यासाठी जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. वनजमिनीबाबत वनहक्क कायदा, २००६ मध्ये स्पष्ट तरतूद आहे : रस्त्यासारख्या सोयीसाठी प्रत्येक बाबीस १ हेक्टरपेक्षा कमी जमीन आणि हेक्टरी ७५ पेक्षा अधिक झाडे तोडावी लागत नसल्यास ती वळती करता येते, परंतु ग्रामसभेची शिफारस आवश्यक आहे. खडीसाठी नवी खाण सुरू करायची झाल्यास १९९६ च्या पेसा कायद्यानुसार ग्रामसभेची अथवा पंचायतीची शिफारस आधी लागते. डहाणू तालुका १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित झाला, हेही विसरून चालणार नाही.

म्हणजे रस्त्याचा पहिला दगड ग्रामसभेतच बसतो. पुढच्या ग्रामसभेत आपल्या पाड्यांची यादी मांडावी आणि पावसाळ्यात रुग्णवाहिका जेथे पोहोचत नाही, ते पाडे प्रथम घ्यावेत. लोकसंख्येने लहान पाडा यादीत शेवटी जातो. पण अडलेल्या बाळंतिणीला वेळ सगळीकडे सारखाच अपुरा असतो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!