एकेरी तिकीट आणि विमानतळावरची अडवणूक

मलकापूरला किंवा शेगावला गाडी धरून मुंबई, तिथून विमानानं दुबई, मस्कत, कुवेत. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातून कामासाठी निघणाऱ्या तरुणाच्या हाती बहुधा एकेरी तिकीट असतं. ते चालतं का?

चालतं, पण व्हिसा नोकरीचा हवा. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर सहसा ‘एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड’, म्हणजे ईसीआर, असा शेरा असतो. अशांना आखाती देशांसह 18 देशांत नोकरीला जाताना 1983 च्या उत्प्रवास कायद्यानुसार आधी सरकारी परवानगी घ्यावी लागते. त्यासाठी 10 लाख रुपयांचा प्रवासी भारतीय विमाही सक्तीचा आहे.

खरी गोम पुढे आहे. ‘व्हिजिटवर चला, काम तिथं लावून देतो,’ असं सांगणारे एजंट गावोगाव भेटतात. ईसीआर पासपोर्टवर फिरायला जाणाऱ्याला मात्र 2007 पासून वैध व्हिसासोबत परतीचं तिकीटही दाखवावं लागतं. एकेरी तिकीट असेल तर मुंबईतच थांबवतात. आणि परतीचं तिकीट काढून गेलात, तरी भेटीच्या व्हिसावर काम करणं तिथं गुन्हाच. एजंट नोंदणीकृत आहे का, हे ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर पैसे देण्याआधी बघा.

विमान कंपनीही काउंटरवर कागद तपासते. पुढच्या देशानं प्रवासी नाकारला, तर त्याला परत आणण्याची जबाबदारी तिच्यावर येते. म्हणून काउंटरवरचा माणूस कडक वागतो. त्याच्याशी हुज्जत घालून उपयोग नाही.